फर नको, हे सांगायचं कुणी?

2006 च्या जानेवारीत अमरावतीला कालचक्र या बौद्ध दीक्षेचा मोठा सोहळा झाला. आपली अंबादेवीची अमरावती नव्हे, आंध्रातली. कृष्णेच्या काठची, जुन्या स्तूपाची. देशोदेशीचे बौद्ध जमले होते आणि त्यांत खुद्द तिबेटमधून वाट काढत आलेली काही हजार माणसं होती. धर्मावर बोलता बोलता दलाई लामा कपड्यांवर आले. वाघ-बिबट्यांची कातडी लावून मिरवणाऱ्या आपल्याच लोकांचे फोटो बघून मला लाज वाटते, घरी परत जाल तेव्हा हे ध्यानात ठेवा, असा बोलण्याचा रोख होता.

महिनाभरात तिबेटी मुलखातल्या रेबकोंग, न्गाबा अशा गावांतून बातम्या यायला लागल्या. लोक पेटाऱ्यांतून ठेवणीतले अंगरखे काढत होते, त्यांवरची वाघाची, बिबट्याची, पाणमांजराची कातडी उसवत होते आणि चौकात ढीग घालून पेटवून देत होते. ही कातडी म्हणजे जुनेर नव्हतं. एकेका अंगरख्यात घराची पुंजी अडकलेली होती. तरी त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात जत्रांना जाऊन आलेल्यांना कातडी घातलेला माणूस शोधावा लागत होता. वर्षापूर्वी न घातलेला शोधावा लागला असता.

फरविरोधी मोहिमांचा विषय निघाला की मला हा ढीग आठवतो. फॅशन शोच्या दारात लाल रंग फेकणारी मंडळी, फर घालण्यापेक्षा उघडं राहू म्हणणाऱ्या मॉडेल्स, सह्यांच्या मोहिमा, हे सगळं मी वर्षानुवर्षं वाचत आलो आहे. त्यातलं बरंचसं खऱ्या कळकळीने केलेलं असतं. पण एखाद्या समाजाने एवढ्या थोड्या काळात स्वतःच्या अंगावरून कातडं उतरवल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. म्हणून ते कसं झालं हे नीट बघायला हवं. माझं म्हणणं असं की त्यात बाहेरच्या प्राणिप्रेमींचा वाटा मोठा होता, पण त्यांनी केलेली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे योग्य वेळी गप्प बसणं.

आधी तो अंगरखा. त्याला चुबा म्हणतात. घोट्यापर्यंत लांब, हातांच्या बाहेर लोंबणाऱ्या बाह्या, कमरेला घट्ट पट्टा, आणि एक बाही बहुतेक वेळा खांद्यावरून मागे सोडलेली. कडेला पाणमांजराच्या कातडीची चांगली रुंद किनार, तिच्यावर बिबट्याचा पट्टा. आणि ज्याची ऐपत सगळ्यात जास्त, त्याच्या चुब्याचा कमरेखालचा घेर वाघाचा. लिथांग, नाग्चू इथल्या घोड्यांच्या शर्यतींमधले 2005 चे फोटो तेव्हा बरेच फिरले. त्यांतला एक तरुण माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. गळ्यात पोवळ्यांच्या माळा, डोळ्यांवर काळा गॉगल, आणि त्याच्या मांड्यांवरून खाली उतरणारे काळे-पिवळे पट्टे. तो नवरदेवासारखा खूश दिसतो. आपण काही वाईट करतोय याची पुसटशी छटा त्याच्या चेहऱ्यावर नाही, आणि ती का असावी?

कारण त्याच्या परंपरेत वाघाचं कातडं हा मानाचा बिल्ला होता. जुन्या तिबेटी साम्राज्यात लढाईत मर्दुमकी गाजवणाऱ्याला व्याघ्रचर्म मिळे आणि पळपुट्याच्या डोक्याला खोकडाचं शेपूट बांधत, असं तांग राजवटीच्या चिनी बखरी सांगतात. (एकाच फरच्या दुकानातले दोन जिन्नस, एकात इज्जत, दुसऱ्यात बेइज्जत.) मात्र शतकानुशतकं ही हौस मोजक्या सरदारांना आणि धनिकांनाच परवडत होती. 1990 च्या दशकाअखेरीस चित्र पालटलं. तिबेटी गुराख्यांच्या हातात रोकड खेळू लागली; त्यातली पुष्कळशी यार्त्सा गुंबू या अळीवर उगवणाऱ्या बुरशीची, जिला चिनी औषधांच्या बाजारात सोन्यासारखा भाव आला. पर्यटनासाठी भरवलेल्या सरकारी महोत्सवांत पारंपरिक पोशाखाची चढाओढ लागली. शेजाऱ्याच्या चुब्याला बिबट्या, तर माझ्या चुब्याला वाघ. आपल्याकडे लग्नात दागिन्यांचं होतं तेच.

या चढाओढीची किंमत इकडे मोजली जात होती. जानेवारी 2000 मध्ये उत्तर प्रदेशातल्या खागा गावात छापा पडला, त्यात 4 वाघांची आणि 70 बिबट्यांची कातडी सापडली. बिबट्यांची नखं सापडली ती 18,000 हून जास्त. एका बिबट्याची अठरा नखं धरली तर हजारभर बिबटे झाले, आणि हे एका गावातल्या एका मालाचं. ऑक्टोबर 2003 मध्ये तिबेटातल्या सांगसांग इथे एकाच खेपेत 31 वाघांची, 581 बिबट्यांची आणि 778 पाणमांजरांची कातडी पकडली गेली. पुढच्याच वर्षाच्या शेवटी राजस्थानातल्या सरिस्कात वाघ दिसेना, आणि 2005 मध्ये तिथे एकही उरला नसल्याचं सरकारला मान्य करावं लागलं. पंतप्रधानांनी व्याघ्र कृती दल नेमलं. 2006 च्या गणनेने देशभरातल्या वाघांचा आकडा दिला तो 1,411 चा.

या सगळ्यावर आपली पहिली प्रतिक्रिया नेहमी एकच असते: शिकाऱ्याला धरा. 2012 च्या उन्हाळ्यात ताडोबाच्या परिसरात लोखंडी सापळ्यात अडकून वाघ मेला, तेव्हा तेव्हाचे वनमंत्री पतंगराव कदम यांनी शिकाऱ्यावर गोळी झाडली तर वनरक्षकावर गुन्हा मानला जाणार नाही असं जाहीर केलं. पुढच्या वर्षी मेळघाटातल्या शिकारींमागे मध्य प्रदेशातल्या बहेलिया या पारंपरिक शिकारी जमातीच्या टोळ्यांचे धागे निघाले. वनरक्षकाच्या हातात काठी असते आणि समोर सशस्त्र टोळी असू शकते, त्यामुळे त्या घोषणेमागची चीड मी समजू शकतो. पण जबड्याचा सापळा लावणारा माणूस हा या साखळीतला सगळ्यात स्वस्त दुवा आहे. त्याला उचललात तर आठवड्यात दुसरा येतो, कारण वरच्या टोकाला कुणीतरी पैसे घेऊन उभा असतो. तोवर त्या टोकाला अंगरख्यांपेक्षा दिवाणखान्यातली कातडी आणि औषधी हाडं मागणारे जास्त झाले होते, पण हिशोब तोच.

त्या वरच्या टोकाकडे बघायचं ठरवलं ते भारतातल्या वाइल्डलाइफ प्रोटेक्शन सोसायटीच्या बेलिंडा राइट यांनी आणि लंडनच्या एन्व्हायर्न्मेंटल इन्व्हेस्टिगेशन एजन्सीने. 2005 मध्ये त्यांचे लोक तिबेटी जत्रांमध्ये आणि बाजारांत फिरले, फोटो काढले, चित्रण केलं. हा पुरावा हातात आल्यावर सोपा मार्ग कोणता होता? लंडनमध्ये पत्रकार परिषद घ्यायची, त्या गॉगलवाल्या तरुणाचा फोटो मोठा करून लावायचा आणि जगाला विचारायचं, बघा हे बौद्ध! बातमी गाजली असती, देणग्या आल्या असत्या. आणि त्या तरुणाने चुबा आणखी ताठ मानेने घातला असता, कारण परक्याने हिणवलं की माणूस आपली खोडसुद्धा अस्मिता म्हणून जपतो. पत्रकार परिषदा झाल्या, नाही असं नाही. पण महत्त्वाचं हे की ते फोटो दलाई लामांपुढे ठेवले गेले. भारतातल्या वाइल्डलाइफ ट्रस्टने त्याआधीच, 2005 मध्ये, त्यांना बरोबर घेऊन तिबेटी समाजात प्रचार सुरू केला होता. पुरावा बाहेरच्यांनी आणला आणि बोलले घरचे.

आणि बोलले ते काय, हेही पाहण्यासारखं आहे. जैवविविधता, अन्नसाखळी, नामशेष प्रजाती ही भाषा त्यांना येत नव्हती असं नाही. त्यांनी लाजेचा शब्द वापरला. ज्या कातड्याने आजवर इज्जत मिळत होती, त्यानेच आता इज्जत जाते एवढंच त्यांनी बदललं. खोकडाचं शेपूट वाघाच्या जागी आणून ठेवलं म्हणा ना.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो फेटाळण्यासारखा नाही. लोकांनी कातडी जाळली ती वाघासाठी की दलाई लामांसाठी? चिनी अंमलाखाली ज्यांचा फोटो घरात लावणंही धोक्याचं, त्यांच्या शब्दावर चौकात होळी पेटवणं हे उघड उघड निष्ठेचं प्रदर्शन होतं. प्रशासनाने ते तसंच ओळखलं. होळ्यांवर बंदी आली, धरपकड झाली. 2007 मध्ये युशूच्या अश्वमहोत्सवात तर अधिकाऱ्यांनी लोकांना कातडी घालूनच येण्याचा आग्रह धरल्याच्या बातम्या आल्या. म्हणजे ज्या देशाच्या कायद्याने वाघ संरक्षित, त्याच देशाचे अधिकारी वाघ घाला म्हणत होते! असं असताना ही प्राणिरक्षणाची मोहीम म्हणायची की राजकारण?

मला या प्रश्नाचं फारसं ओझं वाटत नाही. माणूस कुठलीही सवय एका शुद्ध कारणाने सोडत नाही. कुणी दारू बायकोसाठी सोडतो, कुणी विठोबाच्या माळेसाठी, कुणी डॉक्टरच्या भीतीने. बाटली बंद झाली की झाली. उलट मला असं वाटतं की मागणी फक्त प्राण्याच्या दयेवर दाबून धरली तर ती फार दिवस तशी राहत नाही. याला पुरावा पश्चिमेकडच्या फॅशनचा. 1994 मध्ये फरविरोधी जाहिरातीत उघडी उभी राहिलेली नाओमी कॅम्पबेल तीन वर्षांत मिलानच्या रॅम्पवर फर घालून चालली. दुसऱ्याचं पाहून सोडलेली वस्तू दुसऱ्याचं पाहून परत येते. पुढे अर्मानी, गुच्ची, शनेल, प्राडा यांनी फर सोडलं, ते चांगलंच झालं. एडमंटनला असलेल्या माझ्या भाच्याने एकदा व्हिडिओ कॉलवर त्याचं जॅकेट दाखवलं होतं, टोपीच्या कडेला कायोटी या कोल्ह्यासारख्या प्राण्याच्या केसांची झालर असलेलं. "मामा, इथे उणे तीस असतं, हे लागतंच," असं ठासून म्हणाला होता. 2021 मध्ये कॅनडा गूसने फर थांबवायचं जाहीर केलं आणि दोन हिवाळ्यांनी भाचा नव्या जॅकेटमध्ये दिसला. झालर नव्हती. थंडीचं काय झालं, असं मी विचारलं नाही.

आता उलट उदाहरण, जिथे परक्यांनी परस्पर लाज ठरवली. कॅनडाच्या बर्फावर सीलच्या पांढऱ्याशुभ्र पिल्लांना ठेचून मारतानाची छायाचित्रं 1970 च्या दशकात युरोपभर गेली आणि लोक हादरले. 1983 मध्ये युरोपीय समुदायाने पिल्लांच्या कातडीची आयात बंद केली. उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांच्या पारंपरिक शिकारीला त्यातून सूट होती. पण बाजाराला सूट वाचता येत नाही. सील म्हटलं की युरोपातल्या गिऱ्हाइकाच्या अंगावर काटा यायला लागला, आणि मोठे सील खाण्यासाठी मारून उरलेली कातडी विकणाऱ्या, त्या पैशात गाडीचं तेल आणि काडतुसं घेणाऱ्या इन्युइट घरांचा आधारच गेला. ती पिल्लं त्यांनी मारलेली नव्हती. 2009 मध्ये युरोपने सीलच्या सगळ्याच वस्तूंवर बंदी घातली, पुन्हा सूट ठेवली, आणि 2014 मध्ये जागतिक व्यापार संघटनेने सार्वजनिक नीतिमत्तेच्या कारणावरून ही बंदी मुळात मान्य केली. त्याच वर्षी ग्रीनपीसच्या कॅनडा शाखेने इन्युइटांची जाहीर माफी मागितली. तीस वर्षांनी. त्या पिल्लांचा खरा कळवळा मलाही आहे, पण त्या मोहिमेत इन्युइट माणूस कुठेच बोलत नव्हता, तो फक्त सूट देण्याच्या कलमात होता.

फरसाठी प्राणी पाळण्याची शेती बंद करण्याने तरी मागणी मरते का? ब्रिटनने 2000 मध्ये फरसाठी प्राणी पाळायला बंदी करणारा कायदा केला आणि फर आयात करत राहिला. डेन्मार्कमध्ये तर कुठल्याही मोहिमेला जमलं नाही ते एका विषाणूने केलं. नोव्हेंबर 2020 मध्ये मिंक या फरसाठी पाळल्या जाणाऱ्या मुंगसासारख्या प्राण्यामध्ये कोविडचा बदललेला विषाणू सापडला म्हणून सरकारने देशातले सगळे मिंक मारायचा हुकूम सोडला; दीड कोटीहून जास्त. निरोगी कळप मारायला कायद्याचा आधारच नव्हता हे मागाहून उघड झालं, अन्नमंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. लष्करी जमिनीत घाईघाईने पुरलेली मिंक कुजून वायूने फुगली आणि वाळूतून वर आली. जगातला सगळ्यात मोठा मिंक उत्पादक असा रातोरात बसला, पण कोपनहेगनच्या लिलावात बोली लावणारे बहुसंख्य ग्राहक चीन आणि हाँगकाँगचे होते. ते तिथेच आहेत, आणि चीनमध्ये स्वतःच्या फरशेत्याही आहेत.

इस्रायलचं उदाहरण मला आणखी बोलकं वाटतं. फॅशनसाठी फर विकायला बंदी घालणारा तो पहिला देश, 2021 मध्ये. टाळ्या पडल्या. पण त्या उन्हाच्या देशात फर घालतं कोण? मुख्यतः शब्बाथला, म्हणजे आठवड्याच्या पवित्र दिवशी, आणि सणांना श्ट्राइमल ही फरची गोल टोपी घालणारे हसिदी या कर्मठ पंथाचे ज्यू. आणि धार्मिक वापराला कायद्याने सूट. म्हणजे मागणी जिथे होती तिथेच कायदा थांबला. मी त्या कायदा करणाऱ्यांना हसत नाही. त्यांच्या जागी मीही तिथेच थांबलो असतो. त्या टोपीबद्दल बोलायचं झालं तर ते एखाद्या रब्बीनेच बोलावं लागेल.

आपणही 2017 च्या जानेवारीत मिंक, खोकड आणि चिंचिला यांच्या फरची आयात बंद केली. फार कुणाला कळलंसुद्धा नाही, कारण मुंबई-पुण्यात मिंकचा कोट घालून जाणार कुठे? न घेतलेल्या वस्तूचा त्याग सोपा असतो. आपली परीक्षा दुसरीकडे आहे.

आमच्या चुलत घराण्यात एका मुंजीची यादी होत होती. समिधा, पळसाचा दंड, लंगोटी, मेखला, आणि काकांच्या सवयीच्या हाताने लिहिलेलं मृगाजिन. पूर्वी बटूच्या अंगावर हरणाच्या कातड्याचा तुकडा घालत, तो. घरात पणजोबांच्या आसनाचं काळविटाचं कातडं माळ्यावर होतंच, कोपरे कसर लागून झिजलेले. त्यातूनच दर मुंजीला बोटभर तुकडा निघे. 1972 चा वन्यजीव कायदा या घरात कुणाला ठाऊक नव्हता अशातला भाग नाही, दोघे जण तर वकील आहेत. गुरुजींनी यादी वाचली आणि मृगाजिनावर पेन्सिलीने काट मारली.

आत्या म्हणाली, "अहो, पण शास्त्राला चालतं का?"

"मी सांगतोय ना, चालतं. दर्भ घेऊ."

यापुढे चर्चा झाली नाही. दोन वकिलांना जे कधी सुचलं नाही ते एका पेन्सिलीत झालं.

आणि हे लिहिताना मला शाहतूश आठवते. तिबेटच्या पठारावरचा चिरू हा हरणासारखा प्राणी मारून, त्याच्या कातडीवरची लोकरीची मऊ साय ओरबाडून काश्मिरात विणलेली शाल. एका शालीला तीन ते पाच चिरू. झुडपांना अडकलेली लोकर गोळा करतात ही व्यापाऱ्यांची गोष्ट पिढ्यानपिढ्या चालली. 1980 च्या दशकाअखेरीस जॉर्ज शॅलर यांनी पठारावर जाऊन खरी गोष्ट बाहेर आणली. चिरू एकेकाळी दहा लाखांच्या घरात असावेत असा अंदाज, 1990 च्या दशकात ते पाऊण लाखाच्या आत आले. त्यांना वाचवणाऱ्या गस्तीचा पहिला प्रमुख सोनम दारग्ये 1994 मध्ये शिकाऱ्यांशी लढताना मारला गेला. आणि व्यापाराची वाट तीच: तिबेटमधून लोकर खाली यायची, बदल्यात वाघाची हाडं वर जायची. म्हणजे ती शाल पांघरणाऱ्या बाईने वाघ मारायलाही हातभार लावलेला असायचा, तिला पत्ता नसताना. आज कडक पहाऱ्यामुळे चिरू पुन्हा लाखाच्या वर गेले आहेत. ते पहाऱ्याचं यश आहे, पांघरणाऱ्यांचं नाही.

या शालीला दलाई लामा नाही, गुरुजी नाही. तिचे ग्राहक एका जत्रेत भेटत नाहीत, एका देवळात जात नाहीत. 1994 मध्ये न्यूयॉर्कच्या एका बड्या हॉटेलात कर्करोगाच्या रुग्णांसाठी झालेल्या धर्मादाय विक्रीत या शाली श्रीमंत बायकांनी हौसेने घेतल्या. माल मुंबईच्या एका निर्यातदाराकडून गेलेला होता. त्या बायकांकडून शाली परत मिळवायला अमेरिकेला ग्रँड ज्युरीचे समन्स काढावे लागले. इकडे उत्तरेतल्या खानदानी घरांत ती लेकीच्या रुखवतात जाते, आणि आपल्या मुंबईतल्याही काही कपाटांत मलमलीत गुंडाळून, मिरी-लवंगा घालून ठेवलेली असते. कुणी विचारलं तर पश्मिना म्हणायचं, आणि जवळच्या चार जणींना हळूच बोटातली अंगठी काढून त्यातून ती ओढून दाखवायची.

अशा एका लग्नात मला ती दाखवली गेली होती. हाताला धुक्यासारखी लागते, खोटं कशाला बोलू. तिचं काय करणार, असं मी त्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, सुनेला देणार. सून तिथेच उभी होती, पशुवैद्यकीचं शिकलेली. ती काहीच बोलली नाही, पण शाल घडी घालून परत देताना तिने ती सासूबाईंच्या हातात दिली नाही, बाजूच्या खुर्चीवर ठेवली.